मातीच्या पोटातले रहिवासी

मुरुडहून हर्णैमार्गे अंजर्ल्याकडे निघालात की वाटेत खाडी लागते. ओहोटीच्या वेळी तिच्या काठाला जरा उभे राहून पाहा. वरवर चिखल करडा आणि चकचकीत दिसतो. पण होडी ढकलायला कोणी त्यात उतरला आणि त्याचा पाय गुडघाभर रुतला, की पायाबरोबर खालचा चिखल वर येतो. तो करडा नसतो, काळा कुळकुळीत असतो. आणि त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो. आपल्याकडच्या माणसाला त्या वासाचे काही नवल वाटत नाही. 'खाडीचा वास' म्हणायचे, पाय धुवायचे आणि घरी जायचे. त्या चिखलात बरेच दिवस पडून राहिलेला खिळा किंवा साखळीचा तुकडा हाती लागला, तर तोही काळा पडलेला असतो. खारे पाणी लोखंड खातेच, असे आपण म्हणतो आणि विषय संपवतो.

आज मला जी हकीकत सांगायची आहे ती या काळ्या चिखलापासून निघते आणि थेट अणुभट्टीच्या कचऱ्यापर्यंत जाऊन पोहोचते. वाट जरा लांबची आहे. पण तिच्यावरचा प्रत्येक मुक्काम आपल्या घरच्या, शेतातल्या किंवा शाळेतल्या वस्तूंनी समजून घेता येईल असा आहे. म्हणून थोडा वेळ माझ्याबरोबर चला.

प्रथम मातीचे पाहू. माणसाने जगात पहिले झाकण कशाचे केले असेल? बहुधा मातीचेच. भाताची कणगी बांबूची विणतात, पण ती शेणामातीने लिंपल्याशिवाय तिच्यात दाणा टिकत नाही. वैद्य भस्म तयार करतात तेव्हा दोन परळ तोंडाला तोंड लावून ठेवतात आणि त्यांची सांध कापडमातीने बंद करतात. आतली वाफ बाहेर जाऊ नये आणि बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. मातीचे धरण बांधताना त्याच्या पोटात चिकणमातीचा गाभा भरतात, कारण मुरूम आणि दगड पाणी अडवत नाहीत, चिकणमाती अडवते. असा हा हजारो वर्षांचा विश्वास आहे. माती लिंपली की झाले. माती गप्प बसते, काही करत नाही, काही खात नाही.

हा विश्वास बराचसा खरा आहे, पण पुरता खरा नाही. माती गप्प असते, पण ती रिकामी नसते. हे माणसाला कसे कळले, त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. आपल्या खाडीकाठच्या खारजमिनीसारखी त्याची पुष्कळ भूमी समुद्राच्या पातळीहून खाली, बांध घालून राखलेली आहे. तिथल्या डेल्फ्ट गावात लेव्हेनहुक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. कापडाचे सूत तपासायला भिंग लागते. या गृहस्थाला भिंगे घासण्याचा नादच लागला आणि त्याने इतकी बारीक भिंगे बनवली की तशी त्या काळी दुसऱ्या कोणापाशी नव्हती. मिरे जिभेला का झोंबते, त्याला काटे आहेत की काय, हे पाहण्यासाठी त्याने मिरे पाण्यात भिजत घातले आणि ते पाणी भिंगाखाली धरले. काटे काही दिसले नाहीत. दिसले ते हजारो वळवळणारे जीव. १६७६ साली त्याने ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. लोकांना आधी ते खरे वाटेना. रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे तो काळ डोळ्यांपुढे येईल. सूक्ष्मजंतूंची माणसाशी ओळख झाली ती अशी, मिऱ्याच्या पाण्यात.

पुढे दोनशे वर्षांनी त्याच डेल्फ्ट गावात बायेरिंक नावाचे एक प्राध्यापक होते. आपल्या काळ्या चिखलाचे कोडे त्यांनी सोडवले. १८९५ साली त्यांनी एक असा जंतू दाखवून दिला की ज्याला जगायला हवा लागत नाही. उलट हवा लागली तर त्याचे काम बंद पडते. मग तो श्वास कशाचा घेतो? आपण प्राणवायू घेतो, तसा तो पाण्यात विरघळलेला सल्फेट नावाचा गंधकाचा क्षार वापरतो. समुद्राच्या पाण्यात हा क्षार मुबलक असतो. आपण प्राणवायू घेऊन जशी कर्बवायूची वाफ सोडतो, तसा हा जंतू सल्फेट घेऊन कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतो. त्या वायूची लोखंडाशी गाठ पडली की काळा पदार्थ तयार होतो. म्हणजे श्रोतेहो, खाडीचा वास हा खाडीचा नव्हेच; तो या रहिवाशांचा उच्छ्वास आहे. आणि चिखलाचा काळा रंग ही त्यांच्या संसाराची काजळी आहे.

इथवर ही गोष्ट नुसती गंमतीची होती. पुढे ती पैशाची झाली. हॉलंडात पिण्याच्या पाण्याचे बिडाचे नळ चिकणमातीत पुरलेले असत. चिकणमाती हवा आत जाऊ देत नाही, आणि हवेवाचून लोखंड गंजत नाही, तेव्हा नळ सुरक्षित, असा सगळ्यांचा हिशेब. पण नळ खराब होऊ लागले. वरून आकार तसाच दिसे, पण बीड इतके मऊ झालेले की सुरीने कापावे. १९३४ साली फॉन वोलझोगेन क्यूर आणि फान डेर व्ल्युख्त या दोघा संशोधकांनी त्याचा उलगडा केला. गुन्हेगार तेच होते, बायेरिंकसाहेबांचे गंधकाचे जंतू. ज्या बंद, हवा नसलेल्या मातीला आपण सर्वांत सुरक्षित समजत होतो, तीच त्यांना घरासारखी मानवत होती.

ही चूक ध्यानात ठेवा. माती मेलेली आहे असे धरून हिशेब केला आणि तो चुकला. नळ होते म्हणून बदलता आले. मातीत पुरलेली वस्तू पुन्हा काढता न येणारी असती, तर?

अशी वस्तू पुढच्या काही वर्षांत खरोखरच निर्माण झाली. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक होते, बॅस्टिन. जमिनीखालच्या तेलाच्या विहिरींतल्या खोल पाण्यातही असे गंधकाचे जंतू आहेत, हे त्यांनी १९२६ साली जाहीर केले होते. त्याच विद्यापीठाच्या आवारात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी यांनी जगातली पहिली अणुभट्टी चालू केली. एकाच आवारात या दोन गोष्टी घडल्या; पण त्यांचा एकमेकींशी संबंध येईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

अणुभट्टीत युरेनियमचे इंधन वापरले की त्याची राख उरते, असे सोप्या भाषेत म्हणू. ही राख चुलीतल्या राखेसारखी नव्हे. ती ऊब सोडते आणि डोळ्यांना न दिसणारे घातक किरण सोडते. तिच्यातले काही पदार्थ, उदाहरणार्थ सीझियम आणि स्ट्राँशियम, सुमारे ३० वर्षांत निम्मे होतात. म्हणजे ३०० वर्षांत त्यांचा हजारावा हिस्सा उरतो. ३०० वर्षे ही आपल्याला कळण्यासारखी मुदत आहे. आपल्या हर्णैसमोरच्या सुवर्णदुर्गावर कान्होजी आंग्र्यांचे निशाण होते, त्याला साधारण तेवढाच काळ झाला. पण प्लुटोनियम निम्मे व्हायलाच २४,००० वर्षे लागतात. इथे आपली मोजमापे थिटी पडतात. याच मुरुडात वाढलेले महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षे जगले. एवढे दीर्घ आयुष्य आपण नवलाने सांगतो. अशी हजार आयुष्ये एकापुढे एक जोडली म्हणजे लाख वर्षे होतात. आणि या राखेचा बंदोबस्त करणारे लोक लाख वर्षांच्या भाषेतच बोलतात.

ती ठेवायची कुठे? १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने विचार करून सांगितले की जमिनीखाली खोल, मिठाच्या थरांत पुरावी हे सर्वांत आशादायक दिसते. पुढे निरनिराळ्या देशांनी आपापल्या भूमीप्रमाणे निरनिराळे खडक निवडले. स्वीडन आणि फिनलंडने कणखर जुना खडक घेतला. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सने दगडासारखी घट्ट झालेली प्राचीन चिकणमातीच घेतली. पण खडक कोणताही असो, पेटीच्या भोवती लिंपण्यासाठी बहुतेकांनी एकाच वस्तूकडे हात नेला. ती म्हणजे फुगणारी चिकणमाती. व्यापारात तिला बेंटोनाइट म्हणतात.

ही माती आपल्याला परकी नाही. कोकणातली तांबडी जांभ्याची माती उन्हाळ्यात फारशी भेगाळत नाही. पण घाट चढून देशावर जा. वैशाखात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पहिला पाऊस झाला की माती फुगून त्या भेगा आपोआप मिटतात. काळ्या मातीतल्या घराच्या भिंती तडकतात त्याही याच कारणाने. या फुगण्याचे मूळ ज्या खनिजात आहे, तेच बेंटोनाइटमध्ये जवळजवळ शुद्ध स्वरूपात असते. आपल्या देशात कच्छमध्ये आणि राजस्थानातल्या बाडमेरकडे तिच्या खाणी आहेत. कच्छमधली ही माती ज्या लाव्हाच्या खडकापासून झाली, तो आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचाच भाऊबंद आहे.

हिच्या अंगी तीन गुण आहेत. पाणी लागले की ती फुगते आणि प्रत्येक फट बुजवते. दाबून बसवली तर तिच्यातून पाणी इतके मंद सरकते की ते जवळपास थांबल्यासारखेच असते. आणि पुष्कळसे किरणोत्सर्गी पदार्थ तिच्या कणांना चिकटून राहतात, पुढे जात नाहीत. याला निसर्गानेही एक साक्ष दिली आहे. आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात ओक्लो येथे युरेनियमची खाण होती. १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांना तिथल्या युरेनियममध्ये काहीतरी कमी भरले. शोध करता कळले की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी त्या खाणीत निसर्गतःच अणुभट्ट्या पेटल्या होत्या आणि पुष्कळ काळ धुमसत होत्या. त्यांची राख तिथेच पडून होती. भोवतालच्या मातीने आणि खडकाने तिच्यातले प्लुटोनियमसारखे कित्येक पदार्थ फार लांब जाऊ दिले नव्हते. मातीवरचा विश्वास दुणावला तो असा.

स्वीडनच्या लोकांनी मग आराखडा केला. वापरलेले इंधन आत लोखंडाचा गाभा असलेल्या ५ सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या पेटीत घालायचे. पेटीभोवती दाबलेल्या बेंटोनाइटचे जाड लिंपण करायचे. आणि ते सर्व सुमारे ५०० मीटर खोल कातळात ठेवायचे. तांबे का? कारण हवा नसलेल्या साध्या पाण्यात तांबे फारच टिकते. त्याचा वैरी एकच, गंधकाचा तो वायू. आपल्या घरातला लखलखीत तांब्याही असा वायू लागला तर काळा पडतो.

श्रोतेहो, आता दोन टोके जुळली, नाही का? तांब्याला ज्याची भीती, तोच वायू सोडणारा जंतू चिखलात राहतो. आणि आपण तांब्याची पेटी लिंपणार आहोत तीही मातीनेच. तेव्हा प्रश्न उभा राहिला, या बेंटोनाइटमध्ये कोणी राहते काय?

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्वीडनमध्ये कार्स्टेन पेडरसन आणि कॅनडात सिमचा स्ट्रोस-गॅस्कॉइन अशा संशोधकांनी याचा छडा लावायला घेतला. उत्तर मिळाले, होय, राहतात. पोत्यांतून विकत मिळणाऱ्या कोरड्या बेंटोनाइटमध्येही गंधकाचे जंतू निद्रिस्त सापडले. ती माती कोरडी असताना कित्येक तास कढत तापवली, तरी त्यांतले काही तगून राहिले आणि पाणी मिळताच जागे झाले. बियाणे कणगीत वर्षभर निपचित असते आणि मृगाच्या पावसाने उगवते, तसेच हे.

म्हणजे जंतू बाहेर ठेवणे शक्य नाही; ते मातीबरोबरच येतात. मग उपाय काय? उपाय मातीतच सापडला. जंतू डोळ्याला दिसत नाही, तरी त्यालाही अंग आहे. त्याची लांबी मिलिमीटरच्या साधारण हजाराव्या भागाएवढी असते. बेंटोनाइट खूप दाबून बसवली की तिच्या कणांतल्या फटी त्याहून शेकडो पटींनी बारीक होतात. त्यात त्याला हलायला जागा नाही, वाढायला जागा नाही, आणि मोकळे पाणीही पुरेसे नाही. कॅनडातल्या प्रयोगांत असे दिसले की कोरड्या मातीचे वजन दर घनसेंटिमीटरला १.६ ग्रॅम किंवा अधिक भरेल इतकी ती दाबली, तर जंतूंचे काम जवळपास थांबते. ते मरत नाहीत, हे लक्षात ठेवा. भरगच्च एस.टी.मध्ये उभ्या असलेल्या उतारूला हात वर करता येत नाही, तशी त्यांची गत होते. पण कुठे माती सैल राहिली, कुठे फट उरली, की तिथे गाडी रिकामी झाली म्हणून समजा. म्हणून लिंपणाऱ्याचा हात सारखा हवा, ही कणगीची जुनी शिकवणच इथेही उपयोगी पडते.

आणखी एक चिंता निघाली. २००४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले की काही जंतू या मातीच्या कणांतले लोखंड वापरतात, आणि त्या ओघात तिचे न फुगणाऱ्या मातीत रूपांतर होऊ शकते. प्रयोगशाळेत तर अवघ्या दोन आठवड्यांत. याच बदलाला फार मोठी उष्णता किंवा फार मोठा काळ लागतो अशी तोवर समजूत होती. म्हणजे रहिवासी नुसते पेटीलाच नव्हे, तर आपल्या घराच्या भिंतीलाही हात घालू शकतात.

पण श्रोतेहो, कोणाचीही एकच बाजू ऐकून निकाल देऊ नये. या जंतूंची दुसरीही बाजू आहे. स्वित्झर्लंडमध्ये माँ तेरी डोंगराच्या पोटात, एका बोगद्याच्या बाजूला, १९९६ साली भूमिगत प्रयोगशाळा उघडली. तिथे सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वीची चिकणमाती आहे. पोलादाची पेटी अशा मातीत हळूहळू गंजते तेव्हा हायड्रोजन वायू सुटतो. तो साठत गेला तर त्याच्या दाबाने खडकाला चीर पडेल, ही तिथल्या अभियंत्यांची काळजी. रिझलान बर्निए-लात्मानी या बाईंच्या हाताखालच्या संशोधकांनी एका भोकात दीड वर्षाच्या आसपास हायड्रोजन सोडून पाहिला. २०१६ साली त्यांनी जे छापले ते असे, की खोल मातीतल्या जंतूंची एक अख्खी वस्तीच त्या हायड्रोजनवर जगू लागली. काही जंतू हायड्रोजन खातात, त्यांच्या शिळ्यापाक्यावर दुसरे जगतात, दुसऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर तिसरे. गावगाडाच तो! वायूचा दाब कमी करणारे हे फुकटचे कामगार आहेत. तेव्हा पेटीपासून थोड्या अंतरावर त्यांना राहायला सच्छिद्र थर मुद्दाम ठेवावा, असेही त्यांनी सुचवले. जो शेजारी एका ठिकाणी चोर, तोच दुसऱ्या ठिकाणी राखणदार. जागा कोणती आणि खायला काय, यावर ते ठरते.

आता आपल्या घरी येऊ. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी चालू झाली. १९६४ साली तिथेच वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा कारखाना उभा राहिला. १९६९ साली आपल्याच किनाऱ्यावर, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या तारापूरला अणुवीज तयार होऊ लागली. आपला देश वापरलेले इंधन तसेच पुरत नाही. ते विरघळवून त्यातले उपयोगी पदार्थ काढून घेतो. मागे राहतो तो अतिशय तीव्र द्रव. तो काचेत मुरवून, काच पोलादी डब्यांत ओतून, ते डबे थंड राखण्याच्या आणि देखरेखीच्या खास इमारतीत ठेवतात. तारापूरला हे काम १९८०च्या दशकात सुरू झाले.

ही काच कायमची ठेवण्याचे खोल भुयार भारतात अजून बांधलेले नाही. तयारीचा अभ्यास मात्र जुना आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ १,००० मीटर खोलीवरच्या वापरात नसलेल्या भागात, विजेच्या शेगड्या लावून खडक उष्णतेने कसा वागतो ते १९८०च्या दशकात पाहिले गेले. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या संशोधकांनी देशी फुगणाऱ्या मातींचाही अभ्यास केला आहे.

आणि खोल खडकातले रहिवासी? त्यांची आपल्याकडची सर्वांत चांगली हकीकत अणुकचऱ्याच्या शोधात मिळाली नाही, भूकंपाच्या शोधात मिळाली. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून वर गेले की कोयनानगर लागते. ११ डिसेंबर १९६७ची पहाट आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना विसरता येत नाही. तिथले भूकंप का होतात हे जमिनीत शिरूनच पाहावे म्हणून कोयना परिसरात खोल भोके पाडण्यात आली. त्यांतले एक २०१७ साली सुमारे ३ किलोमीटर खोल गेले. आधी काळ्या कातळाचे थरावर थर लागले, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्याखाली दोन अब्ज वर्षांहून जुना ग्रॅनाइटासारखा खडक. वर निघालेल्या दगडांच्या कांड्या खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतल्या जंतुशास्त्रज्ञांनी तपासल्या. २०१८ साली त्यांनी छापले की एक किलोमीटरहून खोल, उजेड नाही, अन्न जवळजवळ नाही, अशा त्या दगडातही जंतूंच्या खुणा आहेत. संख्येने फार थोड्या, पण आहेत. ज्या कातळाला आपण 'निर्जीव' या शब्दाची उपमा देतो, त्याच्याही पोटात बिऱ्हाडे आहेत!

हे सारे मी आज का सांगितले? आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यात, जैतापूरला अणुवीज केंद्राची योजना आखली गेली आणि तिच्यावरून मोठा वाद झाला, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात कोणाची बाजू घ्यायला मी इथे बसलेलो नाही. पण अशा प्रश्नांवर मत देण्याची पाळी आपल्यावर, आपल्या मुलांवर आणि नातवंडांवर येत राहणार. त्या वेळी कोणी म्हणेल, "काही काळजी नको, खाली नुसती माती आहे." दुसरा कोणी म्हणेल, "जंतू सगळे खाऊन टाकतील, आपण बुडालो." दोघांनाही विचारावे, "कोणती माती? किती दाबलेली? तिच्यात कोण राहते आणि त्याला खायला काय मिळते? हे किती वर्षे पाहिले आहे?" फिनलंडने आपल्या भुयारात २०२४ साली खरे इंधन न घालता पेट्या उतरवण्याची रंगीत तालीम केली. त्याआधी त्यांनी कित्येक दशके याच प्रश्नांची उत्तरे शोधण्यात घालवली आहेत. हॉलंडमधल्या नळांच्या वेळी हे प्रश्न आधी कोणी विचारले नाहीत. नुकसान सोसले ते त्याच पिढीने. इथे चूक झाली तर ती सोसणारे अजून जन्मायचे आहेत. त्यांच्या वतीने प्रश्न विचारायला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.

शिक्षक बंधुभगिनींसाठी शेवटी दोन सोपे प्रयोग सांगतो. पहिला असा. दोन काचेचे पेले घ्या. एकात आपली जांभ्याची तांबडी माती वाळवून बोटभर भरा, दुसऱ्यात तेवढीच देशावरची काळी माती. घाटावर जाणाऱ्या कोणालाही सांगितले तर तो आणून देईल. दोहोंवर सारखे पाणी घाला, कडेला खूण करा, आणि कोणती माती खुणेच्या किती वर येते ते मुलांना दुसऱ्या दिवशी मोजू द्या.

दुसरा प्रयोग धीराचा. दोन बाटल्यांत खाडीचा वरचा करडा चिखल घाला, त्यात वर्तमानपत्राचे भिजवलेले थोडे कपटे मिसळा, काचेला टेकून एकेक घासून चकचकीत केलेला खिळा खोचा, आणि वर खाडीचे पाणी काठोकाठ भरा. एका बाटलीतला चिखल आधी चांगला उकळून घ्या. झाकणे सैल ठेवा, बाटल्या वर्गाबाहेर सावलीत ठेवा. दर आठवड्याला खिळ्याभोवतीचा रंग वहीत टिपून घ्या. दोहोंत फरक पडतो का, किती दिवसांनी पडतो, हे मुलांनाच सांगू द्या. आपण आधी सांगू नका. बाटली उघडायची वेळ आली तर मोकळ्या हवेत उघडा, नाक जवळ नेऊ नका, आणि हात साबणाने धुवा. विज्ञानाचा धडा पुस्तकात असतोच, पण तो खाडीच्या काठाला आधीपासून होता हे मुलांना कळू द्या.

पुढच्या वेळी ओहोटीला खाडीत पाय रुतला आणि तो ओळखीचा वास आला, म्हणजे नाक मुरडून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा. खाली कोणीतरी राहत आहे, हे आपल्याला आता ठाऊक आहे.